मागणी आणि गरज यांतला फरक

झोपेच्या आजारावर एफ्लॉर्निथिन नावाचे औषध आहे. आफ्रिकेतल्या या आजारात रुग्ण अखेर बेशुद्धीत जातो आणि उपचार मिळाले नाहीत, तर सहसा दगावतो. १९९०मध्ये औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि काही वर्षांतच त्याचे उत्पादन थांबले. औषध गुणकारी होते, पण रुग्ण गरीब होते. पुढे तेच रसायन चेहऱ्यावरची लव कमी करणाऱ्या क्रीममध्ये उपयोगी पडले. मग जागतिक आरोग्य संघटना आणि स्वयंसेवी डॉक्टरांच्या रेट्यामुळे २००१मध्ये रुग्णांसाठीही ते पुन्हा तयार होऊ लागले.

यात कोणी खलनायक शोधू नये. अर्थशास्त्रात मागणी म्हणजे इच्छा अधिक ऐपत. ऐपत नसेल, तर मरणाऱ्याची गरजही बाजाराच्या हिशेबात शून्य. समाजवादाचे म्हणणे इथूनच सुरू होते.

जमीन, खाणी, कारखाने, बँका या उत्पादनाच्या साधनांवर समाजाची मालकी आणि काय पिकवायचे, काय बनवायचे हे नफ्याऐवजी गरजेवरून ठरवणे, म्हणजे समाजवाद. अंगावरचा सदरा किंवा राहते घर काढून घेणे नव्हे. हा गैरसमज फार चिवट आहे. समाजाची मालकी म्हणजे सरकारचीच असेही नाही. स्पेनच्या बास्क प्रांतातल्या मोंड्रागॉन समूहात १९५६पासून कामगारच कारखान्यांचे मालक आहेत आणि प्रत्येक सभासदाला एकच मत असते.

ब्रिटनने ५ जुलै १९४८पासून आरोग्यसेवा करांतून चालवायला घेतली. देश भांडवलशाहीच राहिला, पण दवाखान्याच्या दारात खिसा तपासणे बंद झाले. माझ्या मते समाजवादाचा सर्वांत पटणारा गुण हाच. दुसरा रोजगाराचा. १९३३मध्ये अमेरिकेत सुमारे चौथा हिस्सा कामगार बेकार होते, तर सोव्हिएत संघाने १९३०मध्येच बेकारी संपल्याचे जाहीर केले होते. अर्थात त्याच सोव्हिएत संघात १९३२-३३च्या दुष्काळात लाखो माणसे मेली आणि त्यात सरकारी धान्यवसुलीचा मोठा वाटा होता. मालकी समाजाची म्हणायची आणि जाब विचारायची सोय मात्र नाही, तेव्हा असे होते.

आणखी एक अडचण निव्वळ गणिताची. किमतींशिवाय लाखो वस्तूंचा हिशेब जमणार कसा, असा आक्षेप ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मिझेस यांनी १९२०मध्ये घेतला. १९३८मध्ये लेनिनग्राडमधल्या प्लायवूड उद्योगाने कोणत्या यंत्रावर कोणते लाकूड चढवावे, हा प्रश्न तरुण गणिती लिओनिद कांतोरोविच यांच्यापुढे ठेवला. तो सोडवताना त्यांनी रेषीय नियोजनाचा, म्हणजे मर्यादित साधनांतून जास्तीत जास्त काम काढण्याच्या गणिताचा, पाया घातला. उत्तरात प्रत्येक साधनाला एक आकडा चिकटून आला. ते साधन किती दुर्मीळ आहे हे तो सांगत होता. म्हणजे बाजाराविना मिळालेली किंमतच! वस्तूचे मूल्य तिच्यात ओतलेल्या श्रमावरूनच ठरते, अशी श्रद्धा असलेल्या अधिकाऱ्यांना हा आकडा रुचला नाही. कांतोरोविच यांनी युद्धकाळात लिहिलेले पुस्तक १९५९पर्यंत छापले गेले नाही. १९७५मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेही अमेरिकेत तोच माग काढणाऱ्या त्यालिंग कूपमन्स यांच्यासोबत.