आयसीयूतले चिवट जिवाणू : पार्श्वभूमी

अतिदक्षता विभागात औषधांना दाद न देणारा जंतुसंसर्ग कुणाला गाठतो, हे डॉक्टरांना जुनेच ठाऊक आहे : लांबलेला मुक्काम, व्हेंटिलेटर, सेंट्रल लाइन (मोठ्या रक्तवाहिनीत घातलेली नळी), लघवीची नळी, डायलिसिस आणि आधी दिलेली जड अँटिबायोटिक्स. आपल्याकडे मात्र हा विषय पेटला तो एका नावावरून.

२००८ मध्ये स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत क्लेबसिएला हा जिवाणू सापडला. त्याआधी तो रुग्ण दिल्लीत रुग्णालयात होता. मेरोपेनेमसारखी, म्हणजे कार्बापेनेम गटातली, जड अँटिबायोटिक्स निकामी करणाऱ्या त्या जिवाणूतल्या एन्झाइमला थेट नवी दिल्लीचे नाव मिळाले : एनडीएम-१ (न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज-१). ऑगस्ट २०१० मध्ये ब्रिटन, भारत आणि पाकिस्तानातले नमुने मांडणारा निबंध आला. उपचारांसाठी भारतात जाणाऱ्यांना त्यात सावध केले होते. इथे संताप उसळला, वैद्यकीय पर्यटन बुडवण्याचा हा डाव असल्याचे आरोप झाले. व्हेरोना आणि सेऊलची नावेही अशा एन्झाइमना आहेत, हा नाव देणाऱ्यांच्या बाजूचा बचाव खरा होता. तरी एका शहरावर डाग लावायचे कारण नव्हते. जानेवारी २०११ मध्ये 'द लॅन्सेट'च्या संपादकांनी (निबंध त्याच्याच भावंड नियतकालिकात छापला होता) नावाबद्दल दिलगिरी व्यक्त केली, नाव मात्र राहिलेच.

आक्षेप रास्त होता. पण त्याच्या भरात पुरावाच झटकला गेला, हे जास्त गंभीर. मार्च २०१० मध्येच मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी लिहिले होते, की कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जिवाणूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ आहे. हे कुणी परक्याने सांगितलेले नव्हते.

पुढे मूत्रपिंडाला त्रासदायक म्हणून बाजूला पडलेले कोलिस्टिन हे जुने अँटिबायोटिक परत आले. कल्चर रिपोर्टवर ओळीने 'आर' (औषध निकामी) आणि कोलिस्टिनसमोर एकटा 'एस' (औषध लागू), मूत्रपिंडाची अवस्था सांगणारे क्रिएटिनिन आधीच चढलेले, अशा वेळी दुसरा पर्याय फारसा नसे. २०१४ पासून शेड्यूल एच-१ (ठराविक अँटिबायोटिक्सच्या विक्रीवर कडक नोंदींचे बंधन) लागू झाले, २०१९ मध्ये कोंबड्या-जनावरांना कोलिस्टिन देण्यावर बंदी आली. मग कोविडने घडी विस्कटली : स्टेरॉइड, जिवाणूंचा संसर्ग नसतानाही अँटिबायोटिक्स, आणि पीपीईत अडकलेल्या नर्सना दर खाटेपाशी हातमोजे बदलणेही अवघड.

आता कित्येक रुग्ण छोट्या नर्सिंग होममध्ये मेरोपेनेम घेऊनच मोठ्या आयसीयूत पोचतात. जिवाणू आतड्यात आधीच वस्तीला असतो. तो नुसता आहे की आजार घडवतोय, हे न पाहता स्वॅब पॉझिटिव्ह आला म्हणून औषध सुरू केले, तर उरलेले निरुपद्रवी जिवाणू मरतात आणि त्या चिवट जिवाणूला रान मोकळे होते. रुग्णासोबतच्या चिठ्ठीत मात्र आधी कोणते अँटिबायोटिक किती दिवस दिले, हे अनेकदा लिहिलेलेच नसते.