केबलची लांबी, रेझिस्टन्स आणि रिअॅक्टन्स

केबलचा रेझिस्टन्स (धातूचा करंटला होणारा रोध) आणि रिअॅक्टन्स (एसी करंटच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे होणारा रोध) दोन्ही लांबीच्या सम प्रमाणात वाढतात. म्हणूनच तक्त्यांत ते ओहम प्रति किलोमीटर असे दिलेले असतात. २०० मीटरसाठी त्यांना ०.२ने गुणायचे. पण किलोमीटरमागचा आकडा दोघांत वेगवेगळ्या कारणांनी ठरतो.

रेझिस्टन्स ठरतो धातू, छेद आणि तापमान यांवरून. १ चौरस मिमी छेदाच्या १ मीटर तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स २०° से.ला ०.०१७२४ ओहम असतो, अॅल्युमिनियमचा सुमारे ०.०२८. तक्त्यातले आकडे बहुधा याच तापमानाचे असतात. भरलेल्या लोडवर तार ७०°पर्यंत तापली की रेझिस्टन्स सुमारे २० टक्के वाढतो. हे विसरले की हिशोबातला व्होल्टेज ड्रॉप (केबलमध्येच खर्ची पडणारे व्होल्टेज) फसवा, कमी येतो.

रिअॅक्टन्सवर छेदापेक्षा तारांमधल्या अंतराचा प्रभाव मोठा. ५० हर्ट्झला मल्टिकोअर (एकाच आवरणात अनेक तारा म्हणजे कोअर असलेल्या) केबलमध्ये तो साधारण ०.०७ ते ०.१ ओहम प्रति किमी असतो. सिंगल कोअर केबलमधले अंतर दुप्पट केले की त्यात सुमारे ०.०४४ ओहम प्रति किमीची भर पडते. म्हणून तीन फेजच्या केबल त्रिकोणात चिकटवून बांधाव्यात. एकच फेज लोखंडी पाइपातून कधीही नेऊ नये: रिअॅक्टन्स वाढतो आणि पाइपही तापतो.

बारीक केबलमध्ये रिअॅक्टन्स नगण्य. २४० चौ. मिमी अॅल्युमिनियमला मात्र गरम अवस्थेत रेझिस्टन्स सुमारे ०.१५ ओहम प्रति किमी असतो. तिथे रिअॅक्टन्स सोडून चालत नाही.

उदाहरण शेतपंपाचे घेऊ. ५ एचपी थ्री फेज मोटर, करंट ८ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८, स्टार्टरपासून मोटरपर्यंत २०० मीटर तांब्याची केबल.

ड्रॉप = १.७३२ × करंट × लांबी (किमी) × (रेझिस्टन्स × कॉस फाय + रिअॅक्टन्स × साइन फाय)

कॉस फाय म्हणजेच पॉवर फॅक्टर; तो ०.८ असताना साइन फाय ०.६ येतो. रेझिस्टन्स आणि रिअॅक्टन्स किमीमागचे घ्यायचे. २.५ चौ. मिमी केबलला ७०°ला सुमारे ९.५५ ओहम प्रति किमी धरले तर ड्रॉप २१ व्होल्ट, म्हणजे ४१५ व्होल्टच्या ५ टक्के. ४ चौ. मिमीला तो १३ आणि ६ला ९ व्होल्ट. डीओएल स्टार्टरने (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर जोडणाऱ्या) मोटर सुरू होताना करंट सहापट झाला आणि पॉवर फॅक्टर ०.४च्या आसपास उतरला, तर २.५च्या केबलवर साठेक व्होल्ट पडतात. टॉर्क (मोटरचा फिरवण्याचा जोर) व्होल्टेजच्या वर्गानुसार घटतो. त्यात लाइन आधीच कमी दाबाची असेल तर मोटर न फिरता नुसती घुमत राहते आणि वाइंडिंग जळते.

सिंगल फेजमध्ये करंट जातो तसा परतही येतो, म्हणून सूत्रात १.७३२ न घेता लांबी दुप्पट धरावी. बोअरमध्ये सोडलेली लांबी मोजायची राहून जाते, तीही मिळवावी.

टाकलेली केबल तपासताना सप्लाय बंद करून, दूरच्या टोकाला मोटर सोडवून दोन कोअर जोडावेत आणि अलीकडून लो-ओहम मीटरने मोजावे. मेगर यासाठी नाही, तो इन्सुलेशनसाठी. ४ चौ. मिमीच्या २०० मीटर लवचीक केबलला २०°ला २ ओहमच्या आत वाचन यायला हवे. २.६ आले तर तांबे कमी भरले आहे किंवा जॉइंट सैल आहे. दुसरा कोअर घेऊन पुन्हा मोजावे: सगळ्या जोड्यांत सारखेच जास्त वाचन आले तर संशय तांब्यावर किंवा मोजलेल्या लांबीवर, एकाच कोअरच्या जोड्यांत आले तर त्याच्या जॉइंटवर.