एसडी-टू-आयईसी म्हणजे १५४१ नव्हे

कमोडोर ६४ ला, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकाला, एसडी कार्ड जोडायचं म्हटलं की हमखास दोन नावं पुढे येतात: एसडी-टू-आयईसी आणि पाय१५४१. दोन्ही १५४१ या त्याच्या फ्लॉपी ड्राइव्हच्याच सहा पिनी सीरियल पोर्टला लागतात, दोन्ही डिव्हाइस ८ (ड्राइव्हचा ठरलेला क्रमांक) म्हणून उत्तर देतात, दोन्हींत डी६४ फायली (अख्ख्या फ्लॉपीची फाइलरूपातली प्रत) उघडतात. एवढ्यावरून विक्रेते एसडी-टू-आयईसीवर बिनदिक्कत ‘१५४१ एम्युलेटर’, म्हणजे १५४१ ची हुबेहूब नक्कल करणारं यंत्र, असं छापतात. साफ चूक. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

१५४१ हा नुसता ड्राइव्ह नव्हता, अख्खा संगणक होता: स्वतःचा ६५०२ प्रोसेसर, २ केबी रॅम, १६ केबी रॉम, दोन ६५२२ इनपुट-आउटपुट चिप. मूळ लोडिंग इतकं रटाळ, सेकंदाला ४०० बाइटच्या आसपास, की गेमवाले आपलाच लोडर (फायली चढवणारा प्रोग्रॅम) लिहू लागले. त्याचा एक भाग ‘एम-डब्ल्यू’ कमांडने ड्राइव्हच्या रॅममध्ये चढवायचा आणि ‘एम-ई’ने तिथेच चालवायचा. पाय१५४१ रास्पबेरी पायवर तो ६५०२ सायकलला सायकल जुळवून चालवतो, त्यामुळे चढवलेला कोड खरोखर चालतो. एसडी-टू-आयईसीत असतो एटीमेगा मायक्रोकंट्रोलर. ६५०२ चा कोड त्याच्या कामाचाच नाही. आलेल्या कोडचा तो फक्त चेकसम (कोडवरून निघणारा ओळखीचा आकडा) काढतो. ओळखीचा निघाला (एपिक्स फास्टलोड, फायनल कार्ट्रिज ३, ड्रीमलोड वगैरे लोडर) तर फर्मवेअरमध्ये (यंत्रातल्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये) आधीच लिहून ठेवलेलं तेच काम करतो. अनोळखी निघाला की खेळ खलास.

म्हणून लक्षण ठरलेलं: डिरेक्टरी दिसते, पहिली फाइल चढते, टायटलचं चित्र येतं आणि पडदा थिजतो. कार्ड बदला, फॉरमॅट करा, डी६४ दुसरीकडून उतरवा, ढिम्म फरक नाही. जिफीडॉस या वेगवान बदली रॉमनेही नाही. तो कर्नलचं (संगणकाच्या रॉममधल्या मूळ प्रणालीचं) लोडिंग वेगवान करतो, आणि गेमने स्वतःचा लोडर सुरू केला की कर्नल बाजूलाच पडतो. फर्मवेअर नवं टाकल्यास ओळखीची यादी थोडी वाढते, इतकंच.

एकाच फाइलचे गेम आणि स्वतःचे बेसिक प्रोग्रॅम एवढंच हवं असेल तर एसडी-टू-आयईसी स्वस्त आणि उत्तम. डेमो (चित्र-संगीताची करामत दाखवणारे प्रोग्रॅम), तीन-चार डिस्कचे गेम किंवा कॉपी-प्रोटेक्शन (नक्कल रोखणारी सोय) शाबूत असलेल्या जी६४ या फ्लॉपीच्या अधिक तंतोतंत प्रती हव्या असतील तर पाय१५४१ च घ्यावा. उगाच पैसे वाचवू नयेत. डिस्क बदलायला दोन्हीकडे बटण असतं. एसडी-टू-आयईसीसाठी ‘ऑटोस्वॅप’ नावाची साधी टेक्स्ट फाइल, एलएसटी एक्स्टेन्शनची, करून तिच्यात एका ओळीत एक अशी डी६४ ची नावं क्रमाने लिहावी लागतात.

पाय१५४१ ला १५४१ ची रॉम फाइल (मूळ ड्राइव्हच्या रॉमची प्रत) कार्डावर आपणच टाकावी लागते. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या, कमोडोरची बस (सीरियल पोर्टवरची उपकरणं जोडणाऱ्या तारा) ५ ची. मध्ये लेव्हल शिफ्टर (व्होल्टेज जुळवणारं सर्किट) नसेल तर पाय गेलाच म्हणून समजा. एसडी-टू-आयईसी बहुधा कॅसेट पोर्टातून ५ व्होल्ट घेतो. तो पोर्ट कमोडोरच्या जुन्या, आत रेझिन ओतलेल्या पॉवर सप्लायवर असेल तर आधी मल्टिमीटर लावा: त्याचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) बिघडला की व्होल्टेज चढतं, आणि रॅम चिपांबरोबर नवं यंत्रही जळतं. ५.२५ व्होल्टच्या वर आकडा दिसला तर सप्लाय बदला.

डेमो तरीही अडत असेल तर बसवर लावलेले बाकीचे ड्राइव्ह आणि प्रिंटर काढून बघा. बरेच लोडर बसवर आपण आणि डिव्हाइस ८, दोघंच आहोत असं गृहीत धरतात.