डेटापॅक : सायॉन ऑर्गनायझरची जोडमेमरी

डेटापॅक म्हणजे ब्रिटनमधील सायॉन कंपनीच्या ‘ऑर्गनायझर’ या खिशात मावणाऱ्या यंत्राला मागून जोडायची, काढता-घालता येणारी मेमरीची छोटी डबी. १९८४ साली पहिल्या ऑर्गनायझरबरोबर ती बाजारात आली आणि १९८६ च्या ‘ऑर्गनायझर २’ या यंत्राबरोबर तिचा खरा प्रसार झाला. हातात धरायच्या यंत्रांची साठवण वाढवण्याचे याआधी आणि यानंतरही बरेच उपाय निघाले. डेटापॅकची गोष्ट वेगळी अशी, की त्यात लिहिणे सोपे होते आणि पुसणे जवळजवळ अशक्य. या एका मर्यादेमुळे यंत्राची रचना आणि ते वापरणाऱ्याच्या सवयी, दोन्ही ठरत गेल्या.

सायॉन ही डेव्हिड पॉटर यांनी १९८० मध्ये लंडनमध्ये सुरू केलेली कंपनी. सिंक्लेअरच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठी तिने खेळ आणि इतर प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून मिळालेल्या पैशावर ती स्वतःचे यंत्र बनवण्याकडे वळली. पहिला ऑर्गनायझर आजच्या नजरेला केविलवाणा वाटेल. हिताची ६३०१ कुळातला ८ बिटांचा प्रोसेसर, ४ किलोबाइट रॉम (कारखान्यातच भरलेली, न बदलणारी मेमरी), २ किलोबाइट रॅम (कामचलाऊ मेमरी) आणि एका ओळीत १६ अक्षरे दाखवणारा पडदा, एवढाच त्याचा संसार. २ किलोबाइटमध्ये पत्ते आणि फोन नंबर ते किती राहणार? जपून ठेवायची माहिती पॅकवरच जायची. म्हणजे डेटापॅक ही हौसेने घ्यायची जास्तीची वस्तू नव्हती. यंत्राची टिकाऊ आठवण तीच होती.

त्या काळात टिकाऊ साठवणीचे पर्याय मोजकेच होते. फ्लॉपी आणि कॅसेट यांना मोटर लागते, मोटरला वीज लागते, आणि खिशातल्या यंत्राकडे ९ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी. रॅम वेगवान खरी, पण बॅटरी संपली की त्यातले सगळे गेले. सायॉनने निवडली ईप्रॉम चिप. इंटेलमध्ये काम करणाऱ्या डोव्ह फ्रोमन यांनी ती १९७१ मध्ये शोधली होती. या चिपच्या प्रत्येक घरात चारी बाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेला एक सूक्ष्म भाग असतो. जास्त दाबाची वीज देऊन त्यात भार कोंबला, की तो वर्षानुवर्षे तिथेच अडकून राहतो. वाचायला थोडीशी वीज पुरते आणि राखायला काहीच लागत नाही.

अडचण होती ती लिहिण्याची. ईप्रॉममध्ये माहिती भरणे हे तोपर्यंत कारखान्यातले किंवा प्रयोगशाळेतले काम होते. त्यासाठी वेगळे प्रोग्रॅमर यंत्र टेबलावर असायचे. सायॉनने ते काम खिशात आणले. यंत्रातले परिपथ ९ व्होल्टच्या बॅटरीपासून सुमारे २१ व्होल्ट तयार करत आणि ते पॅकमधल्या चिपला देत. नोंद साठवताना बॅटरीवर सगळ्यात जास्त ताण येई तो याच क्षणी. उतरत आलेल्या बॅटरीवर पॅक वाचता यायचा, पण लिहायला गेले की यंत्र नकार द्यायचे. या यंत्रातली ही सगळ्यात धाडसी गोष्ट, असे म्हणायला हरकत नाही.

आता पुसण्याविषयी. कोऱ्या ईप्रॉममधला प्रत्येक बिट १ असतो. लिहिणे म्हणजे त्यातल्या काही बिटांचा ० करणे. ० झालेला बिट विजेने परत १ करता येत नाही. मग मालकाने एखादी नोंद काढून टाकायला सांगितली तर काय करायचे? डेटापॅकमध्ये प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला तिचा प्रकार सांगणारा एक बाइट असे. नोंद रद्द करताना त्यातला सर्वांत वरचा बिट १ चा ० केला जाई. वहीतल्या ओळीवर काट मारावी तसा हा प्रकार होता : मजकूर जागेवरच राहायचा, यंत्र फक्त तो ओलांडून पुढे जायचे. दुरुस्तीचीही तीच तऱ्हा. एखाद्याच्या फोन नंबरातला एक आकडा बदलला तरी जुनी नोंद रद्द व्हायची आणि अख्खी नवी नोंद पॅकच्या शेवटी लिहिली जायची. सरासरी ५० बाइटची एक नोंद धरली, तर ८ किलोबाइटच्या पॅकमध्ये सुमारे १६० नोंदी मावतात. त्यांतल्या निम्म्या एकेकदा दुरुस्त केल्या तर मावणाऱ्या वेगळ्या नोंदी शंभरच्या आसपासच उरतात. पॅक भरत जाई तो फक्त नव्या माहितीने नव्हे, मन बदलण्यानेही.

त्यामुळे या यंत्राच्या जाणत्या वापरकर्त्यांनी एक शिस्त अंगी बाणवली. रोज बदलणारी माहिती आतल्या रॅममध्ये ठेवायची आणि पक्की झालेली तेवढीच पॅकवर उतरवायची. ऑर्गनायझर २ मध्ये हे करणे सोयीचे होते, कारण आतली रॅम, पॅक बसवायचा पहिला स्लॉट (खाच) आणि दुसरा स्लॉट यांना अनुक्रमे ए, बी आणि सी अशी नावे होती. नोंद साठवताना किंवा शोधताना ‘मोड’चे बटण दाबले की यंत्र एका जागेवरून दुसरीवर जाई. आतली रॅम मॉडेलप्रमाणे बदलायची. सीएममध्ये ८ किलोबाइट, एक्सपीमध्ये पुढे ३२, आणि चार ओळींच्या पडद्याच्या एलझेड६४ मध्ये ६४ किलोबाइट. रॅम एवढी वाढल्यावरही पॅकची गरज संपली नाही. बॅटरी बदलताना आतली माहिती तग धरून राहायची ती अगदी अल्प मुदतीपुरती. नवी बॅटरी हाताशी नसताना जुनी काढणाऱ्याची रॅम कोरी होई, पॅक मात्र जसाच्या तसा.

भरलेला पॅक पुन्हा वापरायचा तर अतिनील किरणांचा मार्ग होता. ईप्रॉम चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची छोटी खिडकी असते. साधी काच अतिनील किरण अडवते, क्वार्ट्झ त्यांना आत जाऊ देतो. सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्या खिडकीतून पडला, की अडकलेला भार सुटतो आणि सगळे बिट पुन्हा १ होतात. अशा चिपना एरवी १५-२० मिनिटे लागत. सायॉनने पॅकसाठी ‘फॉरमॅटर’ नावाचे दिव्याचे खास यंत्र विकायला ठेवले होते. पुसणे व्हायचे ते सरसकट. एकच नोंद पुसणे किंवा रद्द नोंदींची जागा तेवढी मोकळी करणे शक्य नव्हते. म्हणून आधी चालू नोंदी दुसऱ्या पॅकवर उतरवून घ्यायच्या, मग पहिला पॅक दिव्याखाली ठेवायचा, असा क्रम असे. दोन स्लॉटचा खरा उपयोग इथे कळतो. यंत्र स्वतःच एका पॅकवरून दुसऱ्यावर नक्कल करायचे आणि नक्कल करताना रद्द नोंदी आपोआप गळून पडायच्या. चिप बनवणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत असा इशारा असे, की उघडी खिडकी आठवडाभर थेट उन्हात राहिली किंवा सुमारे तीन वर्षे ट्यूबलाइटखाली राहिली, तरी आतली माहिती जाऊ शकते.

पॅक ८, १६, ३२, ६४ आणि १२८ किलोबाइटचे मिळत. एवढ्या निरनिराळ्या मापांना एकच स्लॉट कसा पुरला, यामागे एक साधी पण हुशार योजना आहे. मेमरीतली एखादी जागा गाठायची तर एरवी तिचा पूर्ण पत्ता तारांवरून पाठवावा लागतो. ६४ किलोबाइटसाठी अशा १६ तारा लागतात आणि मेमरी दुप्पट झाली की आणखी एक तार वाढते. डेटापॅकमध्ये पत्ता मोजणारा काउंटर पॅकच्याच आत होता. यंत्र त्याला एकेक ठोका द्यायचे आणि काउंटर पुढच्या जागेवर सरकायचा. मोठ्या पॅकमध्ये पानांचा, म्हणजे मेमरीच्या ठरावीक तुकड्यांचा, काउंटर वेगळा. त्यामुळे मोजक्या पिनांवर काम भागले आणि पॅकचे माप वाढले तरी स्लॉट तोच राहिला. याची किंमत वेगात मोजावी लागे. पॅकवरचा प्रोग्रॅम जागच्या जागी चालवता येत नसे, आधी रॅममध्ये उतरवावा लागे.

प्रोग्रॅम विकण्याचे साधनही हे पॅकच होते. पहिल्या ऑर्गनायझरला विज्ञान, गणित आणि वित्त यांचे पॅक मिळत. ऑर्गनायझर २ साठी स्प्रेडशीट, बुद्धिबळ, शब्दांचे स्पेलिंग तपासणारा पॅक असे पुष्कळ प्रकार आले. विकत घेतलेल्या पॅकची नक्कल होऊ नये म्हणून त्याच्या सुरुवातीच्या काही बाइटांत तशी खूण असे. ‘ओपीएल’ या यंत्रातच असलेल्या भाषेत ज्याने-त्याने आपले प्रोग्रॅम लिहून पॅकवर ठेवले. गोदामातला माल मोजणाऱ्यांनी वरच्या सॉकेटला बारकोड वाचणारा दांडा जोडला, प्रोग्रॅम एका पॅकमध्ये ठेवला आणि दिवसभराची मोजणी दुसऱ्यात. अशा कामाला न पुसता येणारी नोंद गैरसोयीची नव्हती, उलट हवीशीच होती.

ज्यांना पुसणे-लिहिणे सतत लागायचे त्यांच्यासाठी सायॉनने रॅमपॅक आणला. त्यात स्वतःची लिथियम बॅटरी आणि ३२ किलोबाइट रॅम होती. तो हवा तितक्यांदा लिहिता येई, पण आतली बॅटरी संपली की माहितीही संपली. म्हणजे ज्या धोक्यापासून वाचण्यासाठी पॅक आला, तोच धोका पॅकच्या पोटात शिरला. ऑर्गनायझर २ च्या उतारकाळात फ्लॅश, म्हणजे दिव्याशिवाय विजेनेच पुसता येणाऱ्या, चिपचे पॅकही निघाले.

साठवण जोडण्याची कल्पना सायॉनची एकटीची नव्हती. ह्युलेट-पॅकर्डच्या १९७९ मधल्या एचपी-४१सी कॅल्क्युलेटरला चार स्लॉट होते. त्यात मुळात ६३ रजिस्टर (आकडे ठेवायच्या जागा) होते आणि प्रत्येक मेमरी मॉड्यूल ६४ रजिस्टरांची भर घालायचे. चारही बसवले की ३१९ होत, पण मग दुसरे काही जोडायला स्लॉटच उरत नसे. पुढच्या एचपी-४१सीव्हीमध्ये तेवढी सगळी मेमरी आतच देऊन कंपनीने हा तिढा सोडवला. शार्पच्या विझार्ड या खिशातल्या यंत्रात पातळ आयसी कार्ड पारदर्शक स्पर्शपट्टीखाली सरकवायचे, आणि कार्डावर छापलेली बटणे पट्टीतून दिसून तीच कळफलक बनायची. देखण्या कल्पनांमध्ये हिचा नंबर वरचा. १९८९ च्या अटारी पोर्टफोलिओ या छोट्या संगणकाची ३२ ते १२८ किलोबाइटची कार्डे स्वतःची बॅटरी बाळगणारी होती, पण इतर यंत्रांत सहसा चालत नसत. ती घरच्या संगणकावर वाचायला वेगळा कार्डवाचक घ्यावा लागे. सर्वांना चालेल असे ६८ पिनांचे पीसीएमसीआयए कार्ड १९९० च्या सुमारास ठरले आणि १९९१ मध्ये एचपी ९५एलएक्स या खिशातल्या संगणकाने त्याचा स्लॉट दिला. त्या कार्डाचा बटण-सेल बदलायचा तर कार्ड यंत्रात असतानाच, कारण तेवढा वेळ यंत्राची वीज माहिती सांभाळायची.

सायॉनने मात्र १९९१ च्या सीरिज ३ या पुढच्या यंत्रामध्येही आपलीच कार्डे ठेवली. फ्लॅश जातीच्या कार्डात रद्द केलेल्या फाइलची जागा सबंध कार्ड फॉरमॅट केल्याशिवाय सुटत नसे, फरक एवढाच की आता दिवा लागत नव्हता. १९९७ च्या सीरिज ५ ने कॉम्पॅक्टफ्लॅश हे इतर कंपन्यांच्या यंत्रांतही चालणारे कार्ड स्वीकारले. अमेरिकेत १९९६ चा पहिला पाम पायलट हा हातातला ऑर्गनायझर १२८ किंवा ५१२ किलोबाइटवर आला. त्याची मेमरी वाढवायची तर पाठीमागचे झाकण उघडून आतली पट्टीच बदलावी लागे. ती चूक हेरली हँडस्प्रिंग या कंपनीने. १९९९ च्या व्हायझरमधल्या ‘स्प्रिंगबोर्ड’ स्लॉटमध्ये मॉड्यूल घातले की त्यातला प्रोग्रॅम पडद्यावर लगेच दिसायचा आणि काढले की नाहीसा व्हायचा. त्यात मेमरीबरोबर कॅमेरा आणि फोनही आले. पण २००१ मध्ये पामने एम५०० मालिकेत एसडी कार्डाचा स्लॉट दिला, आणि एका कंपनीपुरत्या मोठ्या मॉड्यूलांना त्यापुढे टिकाव धरता आला नाही.

भारतात या यंत्रांची ओळख १९९० च्या दशकात ‘डिजिटल डायरी’ या नावाने झाली. बाजारात दिसत त्या बहुतेक कॅसिओसारख्या कंपन्यांच्या, ठरावीक मेमरीच्या डायऱ्या. मेमरी भरली की जुने नंबर पुसणे हाच उपाय.

जुने डेटापॅक आज संग्राहकांकडे आहेत आणि त्यांतले अनेक अजून वाचता येतात. रॅमपॅकमधली माहिती त्यांच्या लिथियम बॅटरीबरोबर केव्हाच गेली. ईप्रॉममधला भारही कायमचा नसतो, काही दशकांत तो झिरपतो. म्हणून हौशी मंडळी पॅकमधला मजकूर बिट-बिट वाचून आधुनिक संगणकावर उतरवून ठेवतात. अशा प्रतीत पूर्वीच्या मालकाने रद्द केलेल्या नोंदीही जशाच्या तशा येतात.