डोळ्यापुढची माशी

दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत थिनिंग करणाऱ्या बाईचं सगळं काम नजरेवर चालतं. घडात कात्री घालायची आणि बारके मणी तेवढे उडवायचे. एखाद्या दिवशी उजव्या डोळ्यापुढे माशी फिरल्यासारखी वाटली, तर ती आधी फवारणीलाच बोल लावणार. डोळे धुणार, पदराने पुसणार, पुन्हा कात्री उचलणार. दुखत तर काहीच नाही! पण ती एचआयव्हीसह जगत असेल आणि गोळ्या मध्येच सुटल्या असतील, तर हे न दुखणंच महागात पडतं.

सायटोमेगॅलो नावाचा विषाणू आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात असतो. लहानपणी कधीतरी शिरतो आणि पडून राहतो. शरीर त्याला डोकं वर काढू देत नाही. हा पहारा सीडी-फोर नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींवर उभा असतो, आणि एचआयव्ही नेमक्या त्याच संपवतो. निरोगी माणसात रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये या पेशी साधारण ५०० च्या वर असतात. ५० च्या खाली गेल्या की हा विषाणू डोळ्याचा आतला पडदा कुरतडू लागतो. पडद्याला वेदनेच्या नसाच नाहीत, आणि सुरुवात कडेने झाली तर समोरचं नीट दिसतच राहतं.

म्हणून सीडी-फोर फार घसरलेले असतील तर तक्रार नसतानाही पडदा तपासून घ्यावा. ड्रॉप टाकून बाहुली मोठी होईपर्यंत बाकावर बसायचं; मग डोक्याला दिवा लावलेले डॉक्टर हातातल्या भिंगातून पडद्याच्या कडेपर्यंत पाहतात. रोग असेल तर पिवळट-पांढरे चट्टे आणि मध्ये रक्ताचे डाग. इंग्रजी पुस्तकांत याला पिझ्झाची उपमा असते. मला, नाशिककर असल्याने, तर्रीवर पडलेलं दही आठवतं. गोळ्यांनी किंवा डोळ्यातल्या इंजेक्शनने रोग थांबवता येतो. गेलेली नजर मात्र सहसा येत नाही. डॉक्टरांना पडद्यावर कापसाच्या पुंजक्यांसारखे छोटे ठिपके दिसले तर ते वेगळे. त्यांनी बहुधा नजर जात नाही.

१९९६ च्या सुमारास एचआयव्हीवरची तीन औषधं एकत्र द्यायला लागले आणि हा आजार झपाट्याने कमी झाला. आपल्याकडे ही औषधं, म्हणजेच एआरटी, सरकारी दवाखान्यात २००४ पासून मोफत मिळतात. इथे एक गंमत आहे, अर्थात पेशंटसाठी ती गंमत नव्हे. हा रोग होऊन गेलेल्या डोळ्यात, एआरटीने शक्ती परतली की कधी कधी सूज येते, धूसर दिसतं. शरीर आता कुठे भांडायला उठलेलं असतं. ‘गोळ्यांनीच डोळा गेला’ म्हणून लोक एआरटी बंद करतात. ते करू नये, डॉक्टरांना गाठावं.

नागिणीचंही तसंच. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर पुरळ आलं की गेरू लावत बसू नये. शेंड्यावरच्या पुरळाचा अर्थ बऱ्याचदा डोळाही सापडला असा असतो. विषाणूरोधक गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू व्हाव्यात. एरवी धडधाकट दिसणाऱ्या तरुणाला अशी नागीण झाली, तर एचआयव्ही तपासणी सुचवतात.

टीबीची औषधंही चालू असतील तर त्यातल्या एथॅम्ब्यूटॉलकडे लक्ष हवं; त्याने कधी कधी डोळ्याची नस बिघडते. पिंपळगावच्या बाजारात लाल आणि हिरवट टोमॅटो वेगळा करणाऱ्याला रंग फिके वाटू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं.

तपासणीला जाताना सोबत कुणाला तरी न्यावं. ड्रॉपचा असर काही तास राहतो, आणि दुपारच्या उन्हात नाशिकच्या सीबीएस स्टँडवर एसटीवरची पाटी वाचता येत नाही.