सातशे डॉलरचे विमान

मोटार घेऊ शकणाऱ्या सामान्य माणसाला स्वतःचे विमानही घेता यावे, यासाठी अमेरिकी सरकारने १९३३ साली मांडलेली योजना. तेथील हवाई वाणिज्य विभागाचे संचालक यूजीन विडाल हे तिचे प्रवर्तक होते.

ही कल्पना अगदीच नवी नव्हती. हेन्री फोर्ड यांनी १९२६ मध्ये एक आसनी छोटे विमान तयार करवून घेतले होते. परंतु त्यांचा तरुण वैमानिक हॅरी ब्रुक्स फेब्रुवारी १९२८ मध्ये फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळून मरण पावला. इंधनाच्या टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र दात कोरण्याच्या काडीने बुजलेले आढळले; त्यामुळे इंजिनाला इंधन मिळेनासे झाले होते. फोर्ड यांनी त्यानंतर हा नाद सोडला.

विडाल यांच्या योजनेचा कच्चा दुवा किंमत हाच होता. सातशे डॉलर हा आकडा मोठ्या संख्येने उत्पादन होईल असे धरून काढलेला होता आणि तेवढी मागणी त्या मंदीच्या काळात नव्हती. स्वस्त विमानाच्या आशेने गिऱ्हाईक थांबून राहील, या धास्तीने कारखानदारही विरोधात गेले. मिळू घातलेला सरकारी निधी हातचा गेल्यावर विभागाने स्वस्ताईपेक्षा सुरक्षिततेवर भर दिला आणि १९३४ मध्ये कारखानदारांकडून नमुने मागवले. वॉल्डो वॉटरमन यांनी बिनशेपटीचे विमान दिले, तर हॅमंड यांचे विमान इतके सोपे होते की विडाल यांच्या दहा वर्षांच्या मुलाने, म्हणजे पुढे लेखक म्हणून गाजलेल्या गोर विडाल यांनी, १९३६ मध्ये ते वृत्तपटाच्या कॅमेऱ्यासमोर उडवले. सातशे डॉलरमध्ये मात्र यांपैकी एकही बसले नाही.

योजनेचे खरे फळ किमतीत नव्हे, तर रचनेत शोधावे लागते. लँगलीच्या वैमानिकी प्रयोगशाळेतील फ्रेड वाइक यांनी सहकाऱ्यांसह फावल्या वेळात बांधलेल्या विमानाला शेपटीऐवजी नाकाखाली चाक होते. शेपटीखाली चाक असले की विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागे राहतो, त्यामुळे उतरताना ते जरा तिरपे झाले तरी मागची बाजू गर्रकन फिरते. नाकाखाली चाक असले की भार पुढे येतो आणि विमान आपोआप सरळ होते. वाइक यांनी पुढे आखलेल्या एरकूप नावाच्या विमानात पायाने दाबायची सुकाणूपट्टीही नव्हती, सारे काही एका चक्रावर चाले आणि ते विमान जीवघेण्या गिरकीत सापडत नसे. महायुद्ध संपताच ते न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानात कपड्याभांड्यांसोबत विक्रीला आले. किंमत तीन हजार डॉलरच्या आसपास होती.