रानडे यांचा अर्थविचार

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८ जानेवारी १८४२–१६ जानेवारी १९०१) यांनी भारताच्या दारिद्र्याची कारणे व त्यावरील उपाय यांविषयी केलेली मांडणी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८९२ मध्ये दिलेल्या व्याख्यानात तिची तात्त्विक बाजू सर्वांत स्पष्टपणे आली आहे.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ रिकार्डो व मिल यांच्या परंपरेतील सिद्धांत सर्व देशांना सर्वकाळ लागू पडतात, हे रानड्यांना मान्य नव्हते. स्वहित पाहणारी सुटी व्यक्ती, खुली स्पर्धा, हवे तिकडे वळणारे श्रम व भांडवल ही त्या सिद्धांतांची गृहीतके. भारतात व्यक्तीपेक्षा कुटुंब आणि जात प्रबळ, स्पर्धेपेक्षा रूढी प्रबळ. श्रम व भांडवल जागचे हलत नाहीत. मग इंग्लंडला मानवलेला खुला व्यापार इथे कसा मानवणार? या युक्तिवादाला जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीड्रिख लिस्ट यांचा आधार होता.

दादाभाई नवरोजींचा भर संपत्तीच्या निःसारणावर, म्हणजे भारतातील संपत्ती इंग्लंडला वाहून जाण्यावर होता. पुण्यातील १८९० च्या औद्योगिक परिषदेत रानडे वेगळेच बोलले. इंग्लंडला जाणाऱ्या रकमेतला काही भाग गुंतवलेल्या भांडवलाचे व्याज आहे, तेव्हा त्या वादात अडकून पडू नये, असा त्यांचा सल्ला होता. अनेक देशभक्तांना हे रुचणे कठीणच होते. रानड्यांच्या मते खरे दुखणे दुसरीकडे होते: कारागिरी बुडाली, सारा भार शेतीवर पडला आणि देश कच्चा माल पुरवणारा मळा होऊन बसला.

यावर उपाय म्हणून सरकारने नव्या उद्योगांना भांडवल व पतपुरवठा मिळवून द्यावा, असे ते म्हणत. यासाठी त्यांनी डचांच्या जावातील शेतीपद्धतीचा दाखला दिला. तो निर्विवाद नव्हे. सरकारी आगाऊ रकमांवर तेथे साखर कारखाने उभे राहिले खरे, पण त्यांना लागणारा ऊस शेतकऱ्यांकडून सक्तीने पिकवून घेतला जाई.

शेतीबाबत त्यांची भूमिका अधिक गुंतागुंतीची आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखते जाळली. त्यानंतर १८७९ मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांना संरक्षण देणारा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि त्याच्या अंमलबजावणीचे काम रानड्यांनी न्यायाधीश म्हणून केले. शेतसारा कायमचा ठरवावा, म्हणजे शेतकरी जमिनीत पैसा घालील, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र जमीन काटकसरी व भांडवलदार वर्गाकडे जाणे त्यांना अटळ वाटत होते. लहान शेतकऱ्यांबरोबर मोठ्या जमीनदारांचा वर्गही असावा, असे त्यांना वाटे. कर्जात बुडालेल्या कुळाला या चित्रात फारशी जागा उरत नाही.